सूर्यावर राहणारे सुपडूनाना

"धुळेकर, तुम्ही शुक्रावर घर घेतलंत. घेण्याआधी मला एकदा विचारायचं होतं."

बदली होऊन धुळ्याहून जळगावात आलो त्या दिवशी, आमची गादी निम्मी टेम्पोत आणि निम्मी रस्त्यावर असताना, एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर ओला पंचा आणि हातात स्टीलचा चमचा. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. जळगावात एप्रिल महिन्यात असं कोणाबद्दलही वाटू शकतं. म्हणून मी नम्रपणे विचारलं, "शुक्रावर म्हणजे?"

त्यांनी चमच्याने आमच्या कुंपणाची भिंत दाखवली. भिंतीच्या कोपऱ्यात, सराफ नथ घालून देतात तसली प्लास्टिकची पारदर्शक डबी सिमेंटमध्ये बसवलेली होती. डबीत एक वाळलेला वाटाणा होता.

"हा शुक्र. याला हात लावायचा नाही. घर तुमचं, ग्रह माझा," असं म्हणून त्यांनी चमच्याने आमची भिंत दोनदा वाजवली, आवाज ऐकला, मान हलवली आणि ते निघून गेले. आमची ही, म्हणजे मंगल, टेम्पोतून उतरत म्हणाली, "बरे शेजारी मिळाले."

हे सुपडूनाना. खान्देशाबाहेरच्या वाचकांना नाव गमतीचं वाटेल. आधीची मुलं दगावली की नंतर झालेल्याला सुपात घालायचे आणि त्याचं नाव सुपडू ठेवायचे, म्हणजे देवाची नजर त्याच्यावर जात नसे. नाना म्हणायचे, देवाची नजर गेली नाही ती नाहीच गेली, पुढे काही मागायला गेलो तरी त्याचं लक्ष नसायचं. मूळचे भडगावकडचे. जळगावात त्यांनी जन्मभर भांड्यांचं दुकान चालवलं आणि नानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्या तेव्हा दुकान दुसऱ्याच्या हवाली करून ते घरी बसले. घरी बसले हे आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात ते सूर्यमालेची देखभाल करत.

सूर्य त्यांच्या फाटकावर होता. लग्नाकार्यात कणीक मळायला लागते तेवढी मोठी पितळी परात, तिला पिवळा ऑइलपेंट फासून, खिळे ठोकून बसवलेली. सूर्य एवढा धरला, तर बाकीचे ग्रह केवढे आणि परातीपासून किती लांब, हा हिशेब करून नानांनी गल्लीत एकेक ग्रह बसवला होता. परातीनंतरच्या दुसऱ्या घरासमोर विजेच्या खांबाला बाजरीचा दाणा: तो बुध. मग आमचा वाटाणा. आणखी पुढे शांताअक्कांच्या निंबाखाली दुसरा वाटाणा, नखभर मोठा: ती पृथ्वी. आणि गल्लीच्या टोकाला भगवानच्या पिठाच्या गिरणीवर मुगाचा दाणा, त्याला नखाला लावायचा लाल रंग लावलेला: तो मंगळ. एवढाल्या परातीसमोर हे चार दाणे बघितले की प्रथम हसू यायचं आणि नंतर जरा गप्प व्हायला व्हायचं. गप्प झालो की नाना खूश व्हायचे.

त्यांच्या मते माणूस ज्या ग्रहावर राहतो त्या ग्रहाचा स्वभाव त्याला चिकटतो. बुधावर वाणी राहत, बँकेतून निवृत्त झालेले. बुधाला हवेचं पांघरूण नाही, त्यामुळे दिवसा भाजतो आणि रात्री गारठतो. वाणीही दुपारी गल्लीतल्या प्रत्येकावर ओरडत आणि दिवेलागणीनंतर कोणाशी एक शब्द बोलत नसत. शिवाय बुधावर एकदा उगवलेला सूर्य मावळून पुन्हा उगवेपर्यंत तिथली दोन वर्षं उलटतात. वाणींनी बँकेतली एखादी हकिकत सांगायला घेतली की नाना माझ्याकडे बघून हळूच म्हणत, "उगवला दिवस. आता बसा." हकिकत संपेपर्यंत माझा चहा निवलेला असे.

आमच्या शुक्राबद्दल त्यांचं मत वाईट होतं. मंगलने एकदा बाजू घेऊन पाहिली. म्हणाली, "नाना, शुक्राची चांदणी किती छान दिसते."

"लांबून, बाई. सगळे लांबून छान दिसतात. जवळ गेलात तर ढग आम्लाचे आणि हवा अशी जड की माणूस दबून जाईल. ऊन आत येतं ते बाहेर जात नाही. बुध सूर्याच्या एवढा जवळ, पण तापतो जास्त कोण? शुक्र. का? तर गोधडी पांघरून बसलाय."

हे वर्णन आमच्या भाड्याच्या घराचं होतं. वर स्लॅब, खाली फरशी, आणि वारा यायला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. मी धुळ्याचा. उन्हाळा म्हणजे काय हे मला कोणी सांगू नये, असा माझा आजवर समज होता. त्या घरातल्या पहिल्याच मे महिन्याने तो उतरवला. संध्याकाळी भिंतीला पाठ लावली की भिंत पाठ सोडत नसे. आमच्या घरात सूर्य सकाळी येतच नाही, दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून येतो, अशी तक्रार मी नानांकडे केली, तर त्यांना आनंदच झाला. "शुक्र उलटा फिरतो. तिथे सूर्य पश्चिमेलाच उगवतो. तुमचं घर नियमाला धरून आहे," ते म्हणाले. घरमालकानेही पुढे हेच उत्तर दिलं. नानांनी त्याला आधीच गाठलं होतं.

मंगळावर मात्र सगळं आलबेल होतं. उन्हाळ्यात भगवानच्या गिरणीत मिरची कांडायला यायची आणि गल्लीचं ते टोक लाल धुळीने माखून जायचं. गिरणीचे दोन काळे कुत्रे दिवसभर गिरणीभोवती फिरत. मंगळाला दोन चंद्र असतात, तेही असेच ओबडधोबड, हे मला कुत्र्यांमुळे पाठ झालं. भगवान स्वतः इतका थंड माणूस, की पट्टा तुटून पीठ उडालं तरी तो आधी तंबाखू मळून संपवायचा. "तांबडा दिसतो म्हणून मंगळ गरम समजू नका. तिथे हवा पातळ आणि थंडी कडाक्याची," नाना सांगत. भगवानला हे बोलणं कौतुकाचं वाटे.

आणि पृथ्वीवर शांताअक्का. पालिकेचं पाणी आमच्याकडे येईल तेव्हा येतं, पण येतं तेव्हा ते आधी अक्कांच्या नळाला येतं. मग सगळ्या ग्रहांवरच्या बायका घागरी घेऊन पृथ्वीवर जमत. अक्का नळाशी खुर्ची टाकून बसत आणि कोणाच्या घागरीनंतर कोणाची घागर, हे ठरवत. त्यात वशिला चालत नसे. "शुक्र आणि पृथ्वी एका शेंगेतले दाणे. सख्ख्या बहिणी म्हणा ना. एक जळून गेली, एकीकडे पाणी आलं," नाना म्हणायचे.

एकदा मी विचारलं, "नाना, आणि तुम्ही कुठे राहता?"

"मी? मी सूर्यावर." चमच्याने परात वाजवत ते म्हणाले, "माझ्या शेजारी कोण राहायला येणार?"

चमच्याचं कोडं मला बऱ्याच दिवसांनी उलगडलं. भांड्यांच्या दुकानात माल वाजवून दाखवतात. चीर असेल तर आवाज बद्द येतो. दुकान गेलं तरी हाताची सवय गेली नाही. नाना टरबूज वाजवत, दार वाजवत, माझं हेल्मेट मी घातलेलं असताना वाजवत. जे वाजतं ते खरं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या ग्रहप्रेमाचं मूळही तिथेच होतं. हे पहिले चार ग्रह खडकाचे. उतरलात तर पायाखाली काहीतरी लागेल, वाजवलंत तर वाजतील. गुरूपासून पुढे सगळा वायू. गुरूचं नाव काढलं की नाना हात झटकत आणि अहिराणीवर येत: "पुढे बठ्ठा वायू शे. पाय टेकाले जागा शे का तठे?"

पाय टेकाले जागा शे का. हे वाक्य त्यांनी कशाला लावलं नाही ते सांगणं सोपं पडेल. आमच्या कचेरीतल्या फायली कॉम्प्युटरच्या क्लाउडवर गेल्या, हे मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर म्हणाले, "ढगात ठेवल्या? पाय टेकाले जागा शे का तठे?" गल्लीतल्या मुलीला कंत्राटी नोकरीतल्या मुलाचं स्थळ आलं, ते नानांनी वायूत काढलं. ढोकळा वायूचा. केक वायूचा. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खडकाची. त्यांनी माझ्या मेव्हण्याशी पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि मला बाजूला घेऊन त्याचाही निकाल दिला. मंगल आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र त्यांना संध्याकाळी चहाला बोलावलं.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती आणि ती मला कोड्यात टाकायची. आखाजी जवळ आली की, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, नाना अक्कांच्या निंबाला झोका बांधत. आमच्या खान्देशात आखाजी हा लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणतात आणि झोके घेतात, त्यामुळे झोका बांधण्यात नवल नव्हतं. नवल हे, की नाना त्यावर कोणाला बसू देत नसत. दोर नवा, बसायची फळी धुतलेली, फळीवर चादरीची घडी. आखाजीच्या दिवशी सकाळपासून नाना निंबाखाली बसून राहत, कोणी पोर जवळ आली की तिला चमचा दाखवत, आणि संध्याकाळी झोका सोडून दोर गुंडाळून घरी नेत. पहिल्या वर्षी मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पृथ्वी फिरते का नीट, ते बघतो." मी हसलो. अक्का हसल्या नाहीत.

यंदा आखाजीच्या थोडं आधी मागच्या कॉलनीतले भंगाळेसर चार माणसं घेऊन नानांच्या फाटकाशी आले. हे हायस्कुलातून निवृत्त झालेले. तक्रार रीतसर होती. पुढच्या गल्लीला ग्रह आहेत आणि मागच्या कॉलनीला नाहीत, हा अन्याय आहे.

"आम्ही काय मोकळ्या अवकाशात लोंबकळतोय?" भंगाळेसर म्हणाले. "सूर्यमाला मंगळावर संपत नाही, नाना. मी मुलांना तीस वर्षं गुरू शिकवला."

"शिकवला असेल. उभं राहून दाखवा त्याच्यावर."

"उभं राहायचा प्रश्नच नाही. आम्हाला फक्त जागा पाहिजे."

"जागाच तर नाही तिथे. वायू आहे सगळा."

बराच वाद झाला. वाणीही आले आणि त्यांनी बँकेतली हकिकत सुरू केली, त्यामुळे वाद आणखी लांबला. नाना एरवी वादात मजा घेणारे. त्या दिवशी ते चिडले होते. परातीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते, जणू हे लोक ती काढूनच नेणार होते. शेवटी अक्का नळावरून उठून आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "नुसतं मोजायला काय जातं? गुरू बसवू नका, पण पडतो कुठे ते तर कळू द्या. धुळेकरांना पाठवा. ते सरकारी माणूस आहेत."

नानांनी अक्कांकडे पाहिलं. फाटक लावून आत गेले.

मी आणि भंगाळेसर निघालो. नानांचं माप सगळ्यांना माहीत होतं. सूर्यापासून मंगळापर्यंत जेवढी दोरी लागते, तशा तीन दोऱ्या आणि वर निम्म्याला थोडी कमी, एवढ्यावर गुरू. भंगाळेसरांनी पुढचं टोक धरलं, मी मागचं. मंगळाचे दोन्ही चंद्र आमच्या दोरीवर भुंकत काही अंतर आले आणि कक्षा सोडायची नाही म्हणून परतले. गल्ली संपली, मोठा रस्ता ओलांडला, मागच्या कॉलनीतली घरं लागली, आणि दोरी संपली ती एका निळ्या फाटकाशी. आत अंगणात एक बाई उडदाचे पापड वाळत घालत होती. भंगाळेसर दोरी टाकून घाईघाईने म्हणाले, "मी जरा येतो," आणि गेले. मला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही.

त्या बाईंनी दोरी पाहिली. मग मला पाहिलं. "नानांनी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी धुळेकर, त्यांच्या गल्लीतला. नानांचा विरोध आहे. आम्ही गुरू मोजतोय."

"गुरू इथेच येतो," त्या म्हणाल्या. "मी सातवीत होते तेव्हा नानांनी आणि मी मोजला होता. इथे तेव्हा कपाशीचं शेत होतं. बांधावर आम्ही मोसंबी ठेवली होती. गुरू मोसंबीएवढा येतो ना. दुसऱ्या दिवशी पाहायला आलो तर कोणीतरी गुरू खाऊन टाकलेला." त्या हसल्या. "बाजरीचा दाणा आहे का अजून? त्याला मुंग्या लागायच्या."

या उषाताई. नानांची एकुलती एक लेक. भंगाळेसर का सटकले ते मला आता कळलं. नाना जिच्याबद्दल दोन वर्षं माझ्याशी बोलत होते, त्या सगळ्या सूर्यमालेत त्यांनी हिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

त्यांनी मला बसायला पाट दिला आणि पाणी आणलं. मी विचारण्याची वाट न बघता त्या सांगू लागल्या. शाळेतल्या प्रकल्पासाठी नानांनी ही सूर्यमाला केली होती. परात आईच्या आंदणातली. दुकानात परातींच्या थप्प्या असताना नानांना सूर्याला तीच पाहिजे होती. पुढे शेताचे प्लॉट पडले, एका प्लॉटवर उषाताईंच्या सासऱ्यांनी घर बांधलं, आणि स्थळ सांगून आलं तेव्हा नानांनी पत्रिकेआधी दोरी काढली. "मुलगी गुरूवर चालली, लांब नाही," असं सगळ्यांना सांगत फिरले होते.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. नाना जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. लग्नानंतर एकदाही या फाटकाच्या आत आले नाहीत. त्याचं मला काही वाटत नव्हतं, कारण आखाजीला आई यायची. मुऱ्हाळी बापाने नाहीतर भावाने व्हायचं असतं, पण मला भाऊ नाही आणि नानांना पाण्याची अडचण, म्हणून आईच लेकीला न्यायला यायची. एवढंसं अंतर, पण नवी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन, जणू दोंडाईचाहून आगगाडीने आली. आई गेली त्या वर्षी मी बॅग भरली आणि ओट्यावर बसले. म्हटलं, आता नाना येतील. फाटकाबाहेरून हाक मारतील, तरी पुरे. संध्याकाळ झाली. कोणी आलं नाही."

"आणि तुम्ही आपण होऊन?"

"न बोलावता? माहेर आहे ते, धुळेकर, मंगल कार्यालय नाही." त्यांनी पापडांवरचं फडकं नीट केलं. "त्यांना मी नको असेन, असं म्हटलं. तरी दर आखाजीला बॅग भरते."

मला निंबाखालचा तो रिकामा झोका डोळ्यांपुढे आला. मी त्यांना झोक्याचं सांगितलं. फळी, चादर, चमचा, सगळं. नाना सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहतात हेही सांगितलं. उषाताई बराच वेळ पापड उलटत राहिल्या. काही पापड त्यांनी दोनदा उलटले.

म्हणजे घडलं होतं ते एवढंच. नाना झोका बांधून लेकीची वाट बघत होते, कारण पाच मिनिटांवर राहणाऱ्या पोरीला आणायला कशाला जायचं, तिला घर माहीत नाही का. आणि लेक बॅग भरून बापाची वाट बघत होती, कारण बोलावल्याशिवाय माहेरी कशी जाणार. दोघांनाही दुसऱ्याने आपल्याला टाकलं असं वाटलं, आणि आमच्या भागातली माणसं असं वाटलं की विचारत नाहीत, फक्त बोलायची बंद होतात.

परत आलो तेव्हा नाना फाटकाशीच होते. "कुठे पडला?" त्यांनी रस्त्याकडे बघत विचारलं.

"निळ्या फाटकाशी."

"दोरी ताणली गेली असेल. उन्हाने ताणते."

"दोरी ठीक होती, नाना. पापड वाळत घातले होते तिथे. उडदाचे."

नाना चमच्याने परात पुसू लागले. चमच्याने काही पुसलं जात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी आणखी एक वाक्य बोललो आणि घरी आलो. वाक्य असं होतं: "ओट्यावर एक बॅग भरलेली असते म्हणे, आखाजीच्या दिवशी."

आखाजीच्या सकाळी गल्लीत सगळीकडे पुरणाचा वास होता. घरोघर पितरांसाठी पाण्याची घागर भरून, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पुजली होती. झोका बांधलेला होता, पण त्याच्याजवळ नाना नव्हते. मंगलने मला खिडकीतून हाक मारली. नाना रस्त्याने चालले होते. धुवट सदरा, टोपी, एका हातात दोरीचं भेंडोळं, दुसऱ्या हातात चमचा, आणि सदऱ्याच्या खिशात काहीतरी गोल फुगलेलं. दोरी मोजणार होते म्हणावं, तर दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. दोरी न सोडताच ते मंगळ ओलांडून गेले. गिरणीचे कुत्रे भुंकले नाहीत. भगवान तंबाखूचा हात तसाच धरून उभा राहिला.

अक्का म्हणाल्या, "धुळेकर, मागे जा. ऊन आहे." ऊन हे निमित्त होतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी गेलो.

नाना निळ्या फाटकाबाहेर उभे होते. उषाताई आत, ओट्यावर. ओट्यावर बॅगही होती. मग नाना म्हणाले, "मी मोजाले उनू."

"मोजा," उषाताई म्हणाल्या.

नानांनी दोरीकडे पाहिलं. "धुळेकरनं बरोबर मोजेल शे."

"मंग आत या."

"आत कसा येऊ? गुरू शे हा. पाय टेकाले जागा नही." हे ते नेहमीच्या तोऱ्यात म्हणायला गेले, पण निम्म्यातच त्यांचा आवाज फाटला.

उषाताई ओट्यावरून उतरून फाटकापर्यंत आल्या. "नाना, तुम्ही सूर्यावर ऱ्हातस," त्या म्हणाल्या. "तठे तरी कोठे जमीन शे?"

चार दाण्यांचा हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या त्या माणसाला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. सूर्यही वायूचाच. नानी गेल्यापासून हा माणूस अशा ठिकाणी राहत होता, जिथे पाय टेकायला जागा नव्हती, आणि सगळ्या गल्लीला आपापल्या जमिनीवर नीट बसवत होता. मग नाना वाकले आणि त्यांनी फाटकाच्या उंबऱ्याची फरशी चमच्याने वाजवली. एकदा, मग पुन्हा एकदा, कान देऊन. चांगला खणखणीत आवाज आला. त्यांनी खिशातून मोसंबी काढून लेकीच्या हातात दिली.

"चाल," ते म्हणाले. "झोका बांधेल शे."

त्या दिवशी आमच्या पृथ्वीवर उषाताई झोक्यावर बसल्या, नाना त्यांना झोका देत होते, आणि अक्कांनी नळावरचा सगळा नियम मोडून मधेच गौराईचं गाणं धरलं. नानींच्या नावाची घागर त्या दिवशी लेकीच्या हाताने भरली गेली. वाणींनी हकिकत सुरू केली तर मी ती पूर्ण ऐकली. संध्याकाळी नाना लेकीला पोचवायला गेले. या वेळी दोरी नेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो, तेव्हा ते माझी वाट बघत आमच्या शुक्रापाशी उभे होते. गंभीर चेहरा, हातात चमचा. माझं हेल्मेट त्यांनी एकदा वाजवलं.

"धुळेकर, ते भंगाळे मास्तर भेटले तर सांगा," ते म्हणाले. "गुरूवर पाणी आहे."

मी हेल्मेट काढून हातात घेतलं.

"खरं सांगतो. माठातलं, वाळा घातलेलं," सुपडूनाना म्हणाले. "दोन तांबे पिऊन आलो."